‘जबाबदारी आमची नाही’ एवढं लिहून भागत नाही

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘प्रूफ तपासून घ्यावे, नंतर तक्रार चालणार नाही’ असं छापलं की आपण सुटलो, असं समजणारे डिझायनर पुसदमध्ये कमी नाहीत. पण बिल मिळतं काम झाल्यावर. पैसे ठरले, डिझाइन झालं, फ्लेक्स चौकात टांगला गेला आणि त्यानंतर अट दाखवली, तर ती कराराचा भाग होती हे पटवून देणं फार कठीण जातं. अट आधी सांगावी लागते आणि समोरच्याने ती मान्य केली याचा पुरावा ठेवावा लागतो. पुढचं सगळं विसरलात तरी हे एवढं लक्षात ठेवा.

घरून किंवा एखाद्या छोट्या गाळ्यातून काम करणाऱ्या डिझायनरकडे इथे काय काय येतं बघा. लग्नपत्रिका, शिकवणी वर्गांची पत्रकं, कृषी सेवा केंद्राच्या जाहिराती, 15 फेब्रुवारीला सेवालाल महाराज जयंतीचे बॅनर, 1 जुलैला वसंतराव नाईक जयंतीचे म्हणजे कृषी दिनाचे बॅनर, निवडणूक लागली की उमेदवारांची पत्रकं, हळद-मसाल्याच्या पाकिटांची लेबलं. शिवाय इंटरनेटवरून पुण्या-मुंबईचे आणि परदेशातले लोगो. प्रत्येक कामातली जोखीम निराळी असते, पण कागद करायचा म्हटलं की उत्तर एकच येतं, ‘भाऊ, आपल्या घरचंच काम हाय, कागद कायले पायजे?’ घरच्या कामातच तो लागतो. परक्याशी वाद झाला तर पैसे जातात, ओळखीच्याशी झाला तर पैशासोबत पुढची चार कामंही जातात.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण नमुन्याच्या करारांत त्या एकाच वाक्यात कोंबलेल्या असतात. पहिली मुक्तता. ग्राहक लिहून देतो की अमुक कारणाने माझं नुकसान झालं तर मी तुमच्याकडे भरपाई मागणार नाही. दुसरी भरपाईची हमी. ग्राहक लिहून देतो की माझ्यामुळे तिसऱ्या कुणी तुमच्यावर दावा केला तर तुमचा खर्च मी भरून देईन. भारतीय करार कायदा 1872 मध्ये कलम 124 आणि 125 या हमीबद्दल आहेत.

समजा हळदीच्या पाकिटासाठी ग्राहकाने स्वतःच नाव आणि चिन्ह आणून दिलं. ते एखाद्या कंपनीच्या नोंदणीकृत बोधचिन्हाशी जुळतं निघालं आणि कंपनीच्या वकिलाची नोटीस दोघांनाही आली. ग्राहकाने दिलेली मुक्तता इथे निकामी आहे, कारण ती कंपनीने दिलेली नाही. करार दोघांत झाला, तो तिसऱ्याचे हात बांधत नाही. उपयोगी पडते ती हमी, आणि तीही ग्राहकाच्या खिशात जेवढं असेल तेवढीच. म्हणून कागदाच्या आधी पाच मिनिटं शोध घ्या. व्यापारचिन्ह कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव विनामूल्य शोधता येतं. शोधाचा स्क्रीनशॉट तारखेसह कामाच्या फोल्डरमध्ये ठेवला, तर आपण डोळे झाकून काम केलं नव्हतं हे दाखवता येतं.

हमीचं वाक्य साध्या मराठीत असं लिहिता येईल: ‘ग्राहकाने दिलेला मजकूर, छायाचित्रे, चिन्हे आणि दावे खरे आहेत व ते वापरण्याचा हक्क ग्राहकाकडे आहे. त्यावरून तिसऱ्या व्यक्तीने डिझायनरविरुद्ध दावा केल्यास वकिलाच्या फीसह वाजवी खर्च ग्राहक भरून देईल.’ त्याखाली उलट बाजूही लिहा: ‘डिझायनरने स्वतः आणलेली चित्रे, फॉण्ट व रेखाटने यांबाबत दावा आल्यास जबाबदारी डिझायनरची.’ हे दुसरं वाक्य लिहायला हात आखडतो. पण एकतर्फी कागदापेक्षा दोन्ही बाजूंची जबाबदारी वाटून देणारा कागद न्यायालयाला प्रामाणिक वाटतो, आणि ग्राहकही त्यावर लवकर सही करतो.

अर्थात मग फॉण्ट आणि फोटो खरोखर आपल्या हक्काचे हवेत. गूगलवरून उचललेला फोटो कुणाचा तरी असतोच. प्रताधिकार कायदा 1957 च्या कलम 63 प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. मराठी फॉण्टच्या बाबतीत तर आता सबब उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्त, बलू यांसारखे फॉण्ट खुल्या परवान्यावर फुकट मिळतात आणि व्यापारी कामातही चालतात. माणसांचे फोटो असतील, विशेषतः शाळेच्या पत्रकावर मुलांचे, तर पालकांची लेखी संमती शाळेने घेतली आहे हे शाळेकडून लिहून घ्या.

सही घेऊनही जिथे सुटका नाही

करार कायद्याच्या कलम 23 नुसार बेकायदेशीर हेतूचा करार निरर्थक ठरतो. गुन्ह्यातून मुक्तता देणारा कागद कितीही किमतीच्या मुद्रांकावर केला तरी त्याला किंमत नाही. आपल्याकडच्या रोजच्या कामांत हा धोका वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा येतो.

‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘लकव्यावर रामबाण औषध’ असली पत्रकं घ्या. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 मध्ये ठरावीक आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणताही भाग घ्यायला मनाई आहे, आणि जाहिरात छापणं हा असा भाग आहे असं कायदाच सांगतो. ‘मजकूर वैद्यबुवांनी दिला’ हे उत्तर चालणार नाही. गर्भलिंगनिदानाची नुसती सूचना देणारी जाहिरातसुद्धा 1994 च्या कायद्याच्या कलम 22 खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. दवाखान्याच्या पत्रकात सोनोग्राफीच्या यंत्राशेजारी गोंडस ‘मुलगा की मुलगी’ चित्र टाकण्याआधी हे आठवा.

निवडणुकीचं काम पैसे देणारं आणि घाईचं, म्हणून तिथे जास्त थांबतो. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चं कलम 127 अ सांगतं की निवडणुकीच्या पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते हवेतच. छापण्यापूर्वी प्रकाशकाने स्वतःची ओळख देणारं, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र दोन प्रतींत मुद्रकाला द्यायचं असतं. छापल्यावर मुद्रकाने ते पत्रकासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आम्ही फक्त डिझाइन केलं’ म्हणणारा डिझायनर स्वतःच छापखान्यातून पत्रकं काढून आणून देत असेल, तर त्याची भूमिका नुसत्या डिझाइनची राहत नाही. तेव्हा डिझाइनमध्येच त्या दोन नावांची जागा सोडा आणि ती रिकामी असेल तर फाइल देऊ नका. विरोधी उमेदवाराची बदनामी करणारा मजकूर आला तर सरळ नाही म्हणा. बदनामीकारक आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटण्यास चांगलं कारण असून, मजकूर छापणाऱ्यालाही भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये शिक्षा आहे.

शिवाजी महाराजांचं चित्र महाराष्ट्रात कुठे नसतं? पण बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा 1950 च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांची नावं व चित्रं आहेत आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी त्यांचा वापर करता येत नाही. जयंतीला अभिवादन करणारा बॅनर वेगळा आणि ‘जयंतीनिमित्त बियाण्यावर सूट’ वेगळं. अशोकस्तंभाच्या राजमुद्रेला तर 2005 चा स्वतंत्र कायदा आहे.

शेवटी ती नेहमीची हळू आवाजातली मागणी, ‘गुणपत्रिकेवरची एवढी तारीख बदलून द्या’, ‘दाखल्यावरचं नाव नीट करून द्या’. याला करार नसतो, दर नसतो. नाही म्हणायचं आणि आलेली फाइल पुसून टाकायची.

प्रूफ

प्रत्यक्षात वाद होतात ते असल्या मोठ्या कायद्यांवरून कमी आणि प्रूफवरून जास्त. लग्नपत्रिकेत मामाचं नाव राहिलं, मुहूर्ताच्या वेळेत सकाळची संध्याकाळ झाली, फोन क्रमांकातला एक आकडा चुकला. अशा वेळी करारात ‘चुकीस आम्ही जबाबदार नाही’ असं सरसकट लिहिलेलं असेल तर ते वाक्य फार काही करत नाही, कारण चूक कुणाची हा प्रश्न तसाच राहतो. जबाबदारी टप्प्याटप्प्याने वाटा: ‘अंतिम प्रूफमधील नावे, तारखा, वेळ, फोन क्रमांक, किमती व शुद्धलेखन ग्राहकाने तपासले आहे. मंजुरीनंतर त्यात आढळलेल्या चुकीसाठी पुनर्छपाईचा खर्च ग्राहकाचा. मंजूर प्रूफमध्ये बरोबर असलेला मजकूर नंतर डिझायनरकडून बदलला गेल्यास तो खर्च डिझायनरचा.’

मंजुरी कशी घ्यायची? व्हॉट्सॲपवरचा नुसता अंगठा पुरत नाही, तो कशाला दाखवला यावर भांडण होतं. प्रूफच्या चित्रावरच ‘प्रूफ 3’ आणि तारीख टाका आणि ग्राहकाला ‘प्रूफ 3 तपासला, छापायला हरकत नाही’ एवढं टाइप करायला सांगा. लग्नपत्रिकेत मंजुरी देणारी व्यक्ती एकच ठरवा. वडील ‘ओके’ म्हणतात, काका रात्री अकराला दुरुस्ती पाठवतात आणि सकाळी दोघंही म्हणतात आम्ही सांगितलंच होतं.

मराठी कामात आणखी एक खास जागा आहे. जुन्या पद्धतीच्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, रफार सरकतात. छापखान्याच्या संगणकावर तो फॉण्ट नसेल तर सगळी ओळच बदलते. कोरलमध्ये अक्षरं कर्व्ह करून द्यायची ही जबाबदारी तुमची, हे स्वतःहून लिहा. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये छापखान्याने फेरफार केला तर ती त्यांची. रंगाचंही तसंच. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा केशरी आरजीबीमधला असतो, छपाई सीएमवायकेमध्ये होते आणि फ्लेक्स, व्हिनाइल, आर्ट पेपर यांवर तोच रंग वेगवेगळा उतरतो. ‘पडद्यावरील व छापील रंगात फरक पडू शकतो, नमुना छापून हवा असल्यास वेगळा खर्च’ एवढं वाक्य पुरतं.

पाकिटांच्या लेबलबाबत मजकुराची यादी ग्राहकाकडूनच लेखी घ्या. उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, ग्राहक सेवा संपर्क हे 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे लागतं आणि खाद्यपदार्थ असेल तर चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्हही. हजारो पाकिटं छापून झाल्यावर क्रमांक चुकीचा निघाला तर तो कुणी दिला होता, हे त्या यादीवरून दिसलं पाहिजे.

किती रुपयांपर्यंत?

माझ्या मते संपूर्ण मुक्ततेपेक्षा जबाबदारीची मर्यादा ठरवणं जास्त शहाणपणाचं. 1,500 रुपयांच्या बॅनरसाठी कुणी दीड लाखाचा धंदा बुडाला म्हणून भरपाई मागू शकतो. करार कायद्याचं कलम 73 दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई देत नाही, पण ते सिद्ध होईपर्यंत तारखा पडत राहतात. म्हणून लिहा: ‘या कामातून उद्भवणाऱ्या नुकसानीसाठी डिझायनर जास्तीत जास्त या कामापोटी प्रत्यक्ष मिळालेल्या फीएवढी रक्कम देणे लागेल. जाणूनबुजून केलेली फसवणूक यास अपवाद.’ अपवाद मुद्दाम लिहायचा, कारण फसवणुकीतून सूट मागणारा कागद संशय वाढवतो.

एक लोकप्रिय वाक्य मात्र टाळा. ‘सात दिवसांत तक्रार न केल्यास ग्राहकाचे सर्व हक्क संपतील.’ 1997 च्या दुरुस्तीनंतर करार कायद्याच्या कलम 28 प्रमाणे ठरावीक मुदतीनंतर हक्कच संपवणारी अट निरर्थक आहे. त्याऐवजी ‘सात दिवसांत सांगितलेली दुरुस्ती विनामूल्य, नंतर ठरलेल्या दराने’ असं लिहा, ते टिकतं.

समोर कोण आहे हेही पाहायला हवं. लग्नपत्रिका करून घेणारं कुटुंब ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली ग्राहक आहे. स्वयंरोजगारावर पोट भरणारा टपरीवालाही असू शकतो. या कायद्यात अन्यायकारक कराराची वेगळी व्याख्या आहे आणि अवाजवी अटीविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येतं. व्यापाऱ्याशी करताना कडक चालणाऱ्या अटी घरगुती कामात सैल ठेवा.

फ्लेक्स बांधून देण्याचं काम अंगावर घेणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळलं आणि 17 जण गेले. आपल्याकडचे बांबूचे सांगाडे तेवढे मोठे नसतात, पण उन्हाळ्याच्या शेवटी सुटणारा वारा पुसदलाही असतोच. डिझाइन, छपाई आणि उभारणी यांची तीन वेगळी बिलं करा. उभारणी तुमची नसेल तर तसं लिहा आणि नगरपरिषदेची परवानगी ग्राहकाने घ्यायची, हेही. उभारणी तुमचीच असेल तर पडलेल्या सांगाड्याखाली सापडलेल्या माणसाला तुमचा करार बांधील नाही. तिथे मजबूत दोरी आणि विमा हेच उपाय.

हक्क हातचा ठेवा

स्वतंत्र डिझायनरने केलेल्या लोगोचा किंवा रेखाटनाचा प्रताधिकार, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः त्याच्याकडेच असतो. पगारी नोकराचं तसं नाही. फोटो, पेंटिंग आणि व्यक्तिचित्र पैसे देऊन करून घेतलेलं असेल तर तिथे हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. हक्क देऊन टाकायचा तर प्रताधिकार कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लेखी आणि सही केलेला कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत, असं धरलं जातं. ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क ग्राहकाकडे जातील’ हे वाक्य उधारीवर सगळ्यात चांगलं औषध आहे. त्याला जोडूनच लिहा की ग्राहकाने किंवा दुसऱ्या डिझायनरने फाइल बदलल्यावर होणाऱ्या परिणामांना तुम्ही जबाबदार नाही.

पुण्या-मुंबईची किंवा परदेशातली कंपनी स्वतःचा इंग्रजी करार पाठवते तेव्हा चित्र उलटं असतं. तिथे मुक्तता मागणारी ती आणि हमी देणारे तुम्ही. ‘इन्डेम्निफाय अँड होल्ड हार्मलेस’ हे शब्द दिसले की पुढचं वाक्य दोनदा वाचा. त्यात रकमेची मर्यादा नसेल तर ‘मिळालेल्या फीपुरती’ असं जोडायला सांगा. ‘फक्त डिझायनरच्या स्वतःच्या उल्लंघनाबाबत’ असंही जोडा. न्यायक्षेत्र कुठलं आहे ते बघा. पाच हजारांच्या लोगोसाठी दिल्लीच्या कोर्टात उभं राहणं परवडत नाही. दोन्ही पक्ष, ज्यांना मुळात अधिकार आहे अशा कोर्टांपैकी एक निवडू शकतात. काम पुसदला होतं आणि पैसे इथे मिळतात, मग पुसद लिहायला सांगायला काय हरकत आहे? बऱ्याच कंपन्या मान्य करतात, कारण कुणी विचारतच नाही.

मुद्रांकाचं म्हणाल तर ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात जुना शंभराचा स्टॅम्प जाऊन बहुतेक करारांना किमान 500 रुपये झाले. मुद्रांक नसला तरी करार रद्द होत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर 2023 मध्ये ते स्पष्ट केलं. मात्र शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात वाचला जात नाही. दोन हजारांच्या कामाला पाचशेचा कागद करण्यात अर्थ नाही. नेहमीच्या ग्राहकाशी वर्षाचा एक करार मुद्रांकावर करा आणि प्रत्येक कामाची ऑर्डर त्या कराराचा उल्लेख करून व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 10 अ असा इलेक्ट्रॉनिक करार मान्य करतं. कोर्टात दाखवताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून फोन बदलला तरी चॅट पुसू नका. करारभंगाचा दावा साधारण तीन वर्षांत लावता येतो, तेवढा काळ तरी सगळं जपा. आणि बारावीत असतानाच कामं घेणाऱ्या पोरांनो, अठरा पूर्ण होईपर्यंत तुमच्या सहीचा करार कायद्याने निरर्थक आहे. मोठ्या माणसाच्या नावाने काम घ्या.

मसुदा तयार झाला की सही करण्याआधी एकदा वकिलाला दाखवा. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो.